भिंतीवरचं कॅलेंडर

यू-फेन,

मोबाईलवर डॉक्टर येतील तेव्हा ह्यांच्याजवळ आज तूच बस. मी माझू देवीच्या देवळात चाललेय. पेज झाकून ठेवलीय, ती आधी खाऊ घाल.

दर वेळी डॉक्टर वार-तारीख विचारतात आणि हे फटाफट सांगतात. "आजोबा, तल्लख आहात हो!" तल्लख कसले? मोबाईलच्या मागेच भिंतीवर कॅलेंडर, त्याचं पान रोज मीच फाडते. डॉक्टरांना ते कुठून दिसणार! आज मी ते पिशवीत घालून नेलंय. हे शोधतील, चिडतील, पण तू अवाक्षर काढू नकोस.

परवा मला "अहो बाई, कोण हवंय?" म्हणाले. थट्टा समजून मी हसले.

डॉक्टरांना म्हणावं, बायकोचं नावही विचारा. ते भिंतीवर कधीच नव्हतं.

आई