अंगठ्याशिवाय

श्रीवर्धन, १९३१. शुक्रवार, दिवेलागण.

आज फार थकलो. शहाळं तासताना उजवा अंगठा गेला, त्यानंतर आज प्रथमच धनुष्य हाती घेतलं. अण्णांनी लहानपणापासून दोरी अंगठ्यानेच ओढायला शिकवलेली. आता अंगठाच नाही, तर कसं करू? तीन बोटांनी ओढून पाहिली. दोरी निसटली, बाण नेम धरलेल्या केळीच्या बराच अलीकडे पडला. पुन्हा ओढली, पुन्हा तेच.

अण्णा ओटीवरून बघत होते. घरची रीत मोडली म्हणून रागावतील, असं वाटलं. ते खाली उतरले, धनुष्य घेतलं आणि स्वतःचा धडधाकट अंगठा मुडपून तीन बोटांनी दोरी ओढली. सत्तरीतला हात तो, दोरी अर्ध्यातच सुटली. त्यांचाही बाण माझ्या बाणांपाशीच पडला.

“मलाही नाही जमत रे,” ते म्हणाले. “उद्या सकाळी पुन्हा बघू. दोघंही.”