बाजूच्या काळ्या पट्ट्या

२ जून
लागले एकदाची कामाला! दुकान लहान, पण नीटनेटकं. मागच्या खोलीत दोन व्हीसीआर, एक संगणक आणि खिडकीला जाड पडदा. लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवायच्या. घरात शिकलेली मी पहिलीच. बाबांनी गोल तबकडीचं घड्याळ घेऊन दिलं आणि म्हणाले, बाईसाहेब, आता उशीर करायचा नाही. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी आमची कॅसेटही उतरवायला परवानगी दिली. आत्याकडच्या एका जेवणाची आहे. आई गेली तेव्हा मी रांगत होते. तिचा हलता चेहरा दुसरीकडे कुठेच नाही.

४ जून
काका चित्र ताणून संगणकाचा पडदा भरतात. जुनं चित्र जवळजवळ चौकोनी, नवा पडदा रुंद. मग माणसं फुगीर दिसतात, ताटं आडवी पसरतात. मला पटेना. मी मूळ मापातच उतरवते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, राहू देत. चित्रातलं ताट किंवा चाक गोल दिसलं की माप बरोबर. शंका आलीच तर मनगटावरचं घड्याळ पडद्याला लावून बघते. काका वैतागले. म्हणाले, ‘‘अगं, ताण की मुकाट्याने. मोकळी जागा दिसली की माणसं सरकतात.’’ मला वाटलं, थट्टा.
आईची कॅसेट आधी उतरवली. किती बारीक होती आई! माझं नाक तिचंच, असं आत्या म्हणते. खरंच की.

९ जून
एक बाई भांडायला आल्या. वाढदिवसाच्या चित्रात त्यांचे सासरे खुर्चीत बसलेले होते, आता नुसती खुर्ची. तुमच्या पोरीने म्हाताऱ्याला कापलं, म्हणाल्या. मी काहीच कापलं नव्हतं. मूळ कॅसेट लावली. तिच्यातही खुर्ची रिकामी.
बाई गेल्यावर पडद्याचा उजेड वाढवला. उजवीकडच्या काळ्या पट्टीत गुडघे दिसले. बसलेल्या माणसाचे.

१० जून
काकांना बोलावलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. आधीची मुलगीही तुझ्यासारखीच काटेकोर होती, म्हणाले. ती आता कुठे असते, विचारलं. चहा अर्धा टाकून बाहेर गेले.
मग आईच्या चित्राची आठवण झाली आणि तिची कॅसेट शोधायला घेतली.

११ जून
आई मधोमध होती, ताटं मांडत. आता कडेला आहे. पुन्हा लावून पाहिलं. अर्धीच. ताणायला हवं होतं, लगेच. पण तिचा चेहरा बिघडेल म्हणून — पुन्हा एकदाच लावलं —

१२ जून
चित्रात ताटं आहेत. आई नाही. आई पट्टीत आहे.
आता ताणलं तर पट्टी मिटेल. आणि तिच्याबरोबर आईही.
बटणावर बोट ठेवून बसले. नाही जमत. बाबांना काय सांगू —

१३ जून
पट्टीत दाटी झालीय. म्हातारा. माझ्या वयाची एक मुलगी. आई त्यांना मागे रेटतेय.
शेजारी जागा केलीय तिने. हात पुढे —
खोली कडेकडेने काळी होतेय. वेळ बघायला मनगट वर केलं. तबकडी गोल नाही. उभट. आणि माझी बोटंही —