दिसून राह्यलं का?

४ मार्च १९९२
पुन्हा विझला! हा वारा दिवा टिकू देईल तर शपथ. माणूस जिथे गेला तिथे दहा दिवस दिवा ठेवायचा, विझू द्यायचा नाही. आता हे गेले ते परसात, वांग्याच्या वाफ्याशी. टीव्हीचा ॲन्टेना फिरवता फिरवता माळवदावरून खाली आले. उघड्यावर पणती काय आणि कंदील काय!
शेवटी सासूबाईंनीच बोट दाखवलं. "हाच ठिऊ. हा वाऱ्यानं इझत नाई."
म्हणजे यांचा सोलर दिवा. हैदराबादच्या नुमाइश प्रदर्शनातून हौसेने आणून वाफ्यात रोवलेला. दिवसभर ऊन खातो, अंधारलं की आपोआप लागतो. सासूबाईंनी त्याला हात जोडले आणि बुडाशी पीठ पसरून त्या पिठावर टोपली पालथी घातली.

११ मार्च
दहावा. टोपली उचलली. गेलेला ज्या जन्माला गेला त्याचं पाऊल पिठावर उमटतं म्हणे. पिठावर पाखराचं नाही, मुंगीचं नाही, कशाचंच पाऊल नाही. "गेलाच नाई का काय हा?" सासूबाई एवढंच बोलल्या.
दहाव्याचा दिवा नदीत सोडतात. हा कोण सोडणार? तो आपला उभाच आहे वाफ्यात.

१४ मार्च
तेरवी झाली. माळवदाच्या शिडीकडे बघवेना, म्हणून सासूबाईंनी ती फोडून चुलीत घालायला लावली. तिच्याच लाकडांवर सगळा स्वैपाक.

१९ मार्च
लिहू की नको?
तिन्हीसांजेला परसात दिवा लागला. मी टीव्ही लावला — नुसत्या मुंग्या, नेहमीसारख्या. बंद करणार, तेवढ्यात माळवदावर करकर वाजलं. ॲन्टेनाचा बांबू फिरतो तसं. आणि वरून यांचा आवाज —
"दिसून राह्यलं का?"
चित्र आलं! लख्ख! बातम्या देणारीच्या कानातले डूलसुद्धा दिसले.
मी ओ देणार, तोच सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "वच्छले, तिन्हीसांजेच्या हाकेला ओ देऊ नोको. वळखीची असन त बिलकुल नाई."

२० मार्च
आजही.

२९ मार्च
गावाला वास लागलाच. सगळ्यांच्या घरी मुंग्या, आमच्याकडे आरसा! दिवेलागणीला ओसरी भरते. 'चित्र सुधार समिती'चे डोमाजीभाऊजी पुढे बसतात. समिती मूळ आमच्या यांची. भैंसा गावापर्यंत सायकल मारून यांनीच सह्या-अंगठे गोळा केले होते: आम्हाला मुंग्या नकोत, टॉवर द्या! लोक हसायचे. आता तेच लोक आमच्या सतरंजीवर.
वरून हाक आली की सगळे खाली बघतात. ओ कुणीच देत नाही. चित्र आलं की माना वर. निर्लज्ज!

३ एप्रिल
सासूबाई कुदळ घेऊन निघाल्या, दिवा उपटायला. "दिवा हाय तवर तो जाणार नाई." डोमाजीभाऊजी आडवे आले. "काकू, रविवारचा सिनेमा होऊ द्या! मंग उपटा." सासूबाईंनी त्यांना अशा शिव्या दिल्या की इथे लिहवत नाहीत. पण कुदळ टाकली.
खरं सांगू? मला बरं वाटलं. दिवसभर मी तिन्हीसांजेची वाट बघते. जिवंतपणी या माणसाने एक चित्र धड दाखवलं नाही आणि आता बघा! हसू येतं, मग रडू.

२६ एप्रिल
पाऊस, गारा. ओसरीच्या पत्र्यावर ताशा वाजावा तशा. तरी हाक आलीच. भिजत असतील का?

१७ मे
टॉवर चालू झाला! घरोघर चित्र साफ. डोमाजीभाऊजींनी यांचं नाव घेऊन पेढे वाटले. "नागनाथचंच काम हाय हे, वैनी." आणि घरी गेले, स्वतःचा टीव्ही बघायला. ओसरी रिकामी. सतरंजी झटकून ठेवली.
पडद्यावर एक मुंगी नाही. वर मात्र करकर चालूच.
"दिसून राह्यलं का?"
यांना कुणी सांगितलंच नाही.

१८ मे
पुन्हा विचारलं. आवाज दमलेला.

१९ मे
त्या दिवशी यांनी वरून विचारलं आणि मी सांगायच्या आत हे पडले. तेव्हापासून हे उत्तरासाठीच अडकलेत. दिवाबिवा काही नाही. काम झालं, एवढं कुणी सांगितलं की सुटतील. बायकोने नाही सांगायचं तर कुणी? सासूबाईंना बोलले. त्या उठून दाराची कडी नीट बसते का ते बघून आल्या. मला यांना जाऊ द्यायचं नाही. पण उन्हापावसात किती दिवस उभं ठेवू?
उद्या ओ देणार.

२० मे
दिली. अंगणात जाऊन, मान वर करून, मोठ्याने. "दिसून राह्यलं! एकदम साफ! उतरा आता खाली."
करकर थांबली. हे सुटले, म्हटलं. घरात येऊन रडत हे लिहायला बसले —
शिडी वाजतेय.
वरची पायरी. मग तिच्या खालची. सावकाश, हे उतरायचे तशीच.
सासूबाई कडी लावायला उठल्यात. मी त्यांच्या आधी दाराशी जातेय, दार उघडायला.