कुनमपाशी अडलेलं पुस्तक

मुन्शीजी, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यापुढे खरं बोलायला भ्यायचं काही कारण उरलेलं नाही. अकोल्याच्या कचेरीतली नोकरी संपवून मी अमरावतीला घरी बसलो आहे. काल ओसरीवर एकटाच पुटपुटत होतो तर सून म्हणते, "मामाजी, कोणता मंत्र म्हणून राहिले?" मंत्र कसला, डोंबल! कुनद, कुनंद, कुनी, कुनीद. तुम्ही शिकवलेली फारसी जिभेवर आपसूक आली, आणि मग दिवसभर तुम्ही काही डोक्यातून हललाच नाहीत.

ते कापसाचे दिवस. साता समुद्रापलीकडे कुठे लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. उजाडल्यापासून अमरावतीत तुमच्या दारावरून गाड्याच गाड्या. कापसाचे पुंजके उडून थेट दौतीत पडायचे, दौतीवर वाटी पालथी घालत तुम्ही म्हणायचात, "हा कापूस शाईबी पिऊन राहिला!" कापसापायी काळी जमीन महाग झाली, आणि जो तो आजा-पणजाच्या वेळचे शेताचे फारसी कागद पेटीतून उकरून काढू लागला. ते वाचायला अकोल्याच्या कचेरीला माणूस हवा होता. माझ्या वडिलांनी तिथे शब्द टाकून ठेवला होता: मुन्शीजींनी पुस्तक संपलं म्हटलं की जागा माझी. आणि पुस्तक संपलं की गोडाची शिरणी वाटायची, ही तुमच्याकडची जुनी रीत. शिरणी वाटल्याशिवाय शिकणारा सुटत नाही आणि शिकवणाराही उठत नाही. माझ्यासोबतचे सगळे केव्हाच कापसाच्या दलालीत शिरले होते. राहिलो होतो मी एकटा, वीस वर्षांचा घोडा, आणि पुस्तकाचं शेवटचं पान.

त्या पानावर कर्दन, म्हणजे करणे. केलं, करतो, ही रूपं मला पाठ होती. शेवटी उरली होती ती व्हावंसं वाटतं तेव्हाची रूपं. तुम्ही मांडीवर ताल धरून म्हणता आणि मी तुमच्यामागे डुलतो: कुनद, त्यानं करावं, कुनंद, त्यांनी करावं, कुनी, तू करावंस, कुनीद, तुम्ही करावंत. "पहिले जो इथं नाई तो, मंग समोरचा, अन् आपण सगळ्यात मागून," असं तुम्ही समजावायचात. "लय सोपं हाये. तुमच्यात म्हणत नाई का, देव करो अन् तो येवो? तेच हे. खुदा कुनद कि ऊ बियायद." इतकं सोपं करून सांगितलंत, तरी मी कुनमपाशी, 'मी करावं' यापाशी, ठेचकाळायचो. रोज. चार महिने. एकदा तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "अरे, एवढे दिवस बैलाले सांगतलं असतं तं बैल फारसी बोलला असता!" मी मान खाली घातली. कुनम मला येत होतं, मुन्शीजी. पहिल्याच दिवशी आलं होतं.

माझ्या घरच्यांना ते कळलं होतं. वडील शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचे, "जाणूनबुजून अडते तो. म्हाताऱ्याले एकटं टाकवत नाई त्याले." आयतं मिळालेलं कौतुक कोण परत करतो?

मग ती सकाळ. दारात छकडा उभा, एलिचपूरहून तुमचे जावई आलेले. मी कुनीदपर्यंत येतो आणि थांबतो. पायरीवरूनच जावई ओरडतात, "अब्बा, तिसऱ्यांदा छकडा घेऊन आलो मी! तुमची लेक तिकडं वाट पाहून राहिली, अन् तुमी या एका पोरापायी अडून बसले. कावून?" तुम्ही शांतपणे म्हणता, "पुस्तक अर्ध्यात टाकून उठलो तं माह्या उस्तादाले काय तोंड दाखवू?" मला वाटायचं, तुम्हाला तरी कुठे जायचं आहे, माझ्या लांबणीनं तुमचं काय बिघडतं! अरे देवा, तुमच्या वाटेतला धोंडा मीच होतो. मी डोळे मिटले आणि एका दमात म्हटलं, कुनद कुनंद कुनी कुनीद कुनम कुनीम. वर उलटंही म्हणून दाखवलं.

तुम्ही आधी बघतच राहिलात, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. "बदमाश! येत होतं तं तुले? माह्यासाठी थांबला होता ना तू?" आणि मी, मुन्शीजी, मान हलवली. त्याच दुपारी शिरणी वाटली. छकड्यात बसण्याआधी तुम्ही वडिलांना म्हणालात, "असा शागिर्द नशिबानं भेटते," आणि तुमचं कलमदान माझ्या हातात ठेवलंत.

आता ऐका. मला अकोल्याचं भेव होतं. भर कचेरीत उभं राहून कागद वाचायचा, एक शब्द चुकला तर कुणाचं तरी शेत जायचं! त्यापेक्षा तुमच्या शिव्या खात बसणं बरं. आणि तिथे झालं काय? पहिल्याच दिवशी एक शब्द खरंच अडला. ज्याचं शेत होतं तो माणूस पागोटं सावरत माझ्या तोंडाकडे पाहतोय. मी कसंबसं म्हटलं, "साहेब, हा शब्द मले येत नाई." साहेबानं मानही वर केली नाही. "उद्या कुणाला विचारून ये," म्हणाला, आणि पुढचा कागद ओढला. बस्स, एवढंच! बाहेर आल्यावर तो शेतवाला उलट मलाच म्हणतो, "बरं झालं बाप्पा, ठोकून नाई देलं." मी तिथेच हसत सुटलो. पुढे सगळी नोकरी मी तशीच केली, येत नाही ते येत नाही म्हणून सांगितलं, आणि माझ्या वाचण्यानं कुणाचं शेत गेलं नाही.

तुमच्या अखेरच्या दिवसांत लेक उशाशी होती हे कळलं, तेव्हा माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. चार महिने मी खाल्ले, पण पुढची वर्षं तरी तुम्हाला मिळाली. आज हे लिहूनही हायसं वाटलं. पण कागद धाडायचा तर एलिचपूरला तुमच्याच घरी, आणि तिथे तुमची लेक आहे. तिला अजून वाटतं की तिच्या बापाला एकटं वाटू नये म्हणून मी हातची नोकरी थांबवली. त्यापायी ती दर ईदेला न चुकता शेवयांचं गाठोडं पाठवते. शेवया फार चांगल्या असतात, मुन्शीजी, आणि मी त्या एकदाही परत केलेल्या नाहीत.