सिस्टरांची शाळा की फादरांची

१० एप्रिल, गुरुवार
बदलीचा आदेश आला. जामखेडच्याही पुढे, चौथीपर्यंतची शाळा. केडगावच्या शाळेत इतकी वर्षं खडू झिजवले, त्याचं हे बक्षीस. संध्याकाळी भाजी करपवली. ओमने न बोलता खाल्ली. हल्ली तो सगळंच न बोलता करतो.

त्याचं घोडं वेगळंच अडलंय. आत्ताची शाळा आठवीपर्यंतच, म्हणजे नववीला बदलायचीच होती. पण तेव्हा मी घरी असणार होते. आता मी तिकडे, आणि हा कुठे?

१३ एप्रिल, रविवार
सावेडीला दादाकडे. जेवायच्या आधीच त्याने निकाल लावून टाकला. "सुनीता, पोरगं हाताबाहेर चाललंय. बिनबापाचं पोर..." वहिनीने कोपर मारलं तेव्हा गप्प. बिनबापाचं कसलं? बाप आहे की. पुण्यात आहे, नव्या फ्लॅटमध्ये आहे, नव्या बाईबरोबर आहे.

दादाच्या मते शाळा दोनच, दोन्ही कॅथलिक. एक सिस्टरांची, इथेच शहरात, इंग्रजी माध्यम. ओमने दादाकडे राहायचं, चालत जायचं. दुसरी फादरांची, घोडेगावच्या पुढे, सेमी इंग्रजी, आणि बोर्डिंग. आपल्याकडे पोराचं काही बिनसलं की सगळ्यांना फादर-सिस्टर आठवतात. एरवी चर्चवरून जाताना मान वळवत नाहीत. "शिस्त म्हणजे शिस्त," दादा म्हणाला, "दोन वर्षांत सुतासारखा सरळ होतो का नाही बघ."

वहिनी म्हणाली, "राहू दे की आमच्याकडं. त्याचंच घर आहे." मग वाटीत आमटी वाढता वाढता, "फक्त बाथरूम एकच आहे ना, ताई, तेवढंच." कळलं.

१८ एप्रिल, शुक्रवार
गुड फ्रायडे. दादाची कमाल आहे. सिस्टरांचा नंबर कुठूनसा मिळवला आणि सकाळीच मेसेज धाडला. वर झेंडूचं तोरण, दोन बाजूंना दोन समया, मध्ये "गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा", खाली शुभेच्छुक म्हणून त्याचं नाव, माझं नाव आणि चि. ओम. मला पाठवला तो कौतुकाने. मी लगेच फोन केला. "दादा, येशूला क्रुसावर दिलं तो दिवस आहे रे. त्यांचा आज दुखवटा असतो." तर म्हणे, "मग गुड कशाला म्हणतात?"

ओमला दाखवला. तो हसला. चांगला मोठ्याने. ऐकून किती दिवस झाले होते. मग मीही सुरू झाले. तो म्हणाला, "चि. ओम यांजकडून सांत्वनपर शुभेच्छा," आणि परत दोघं. पोट दुखलं. हसणारा ओम मला कधीतरीच भेटतो.

२४ एप्रिल, गुरुवार
सिस्टरांकडे. व्हरांडा इतका लख्ख की मी दारात चप्पल काढली. शिपाई म्हणाला, "घाला मॅडम, इथं काढत नाहीत." ओमने दुसरीकडे बघितलं. त्याला माझी लाज वाटते ते वय.

मुख्याध्यापिका सिस्टर केरळच्या असाव्यात. मराठी स्वच्छ, जरा टोकदार. पहिलाच प्रश्न, "हार्दिक शुभेच्छा तुम्हीच पाठवल्या?" मी मेले. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "आठवण ठेवली, बरं वाटलं." मग ओमला इंग्रजीत, तुला काय आवडतं. तो घड्याळाकडे बघत बसला. त्या थांबल्या. खरंच थांबल्या, वर्गात मी कधी एवढी थांबत नाही. शेवटी म्हणाला, "नथिंग." त्यांनी ते लिहून घेतलं.

"वडील?"

"पुण्याला असतात." हे वाक्य आता जिभेवर बसलंय. खोटं नाही हे त्यातलं विशेष.

"मग एकदा दोघं या. आम्ही दोघांशी बोलल्याशिवाय जागा देत नाही."

बाहेर आल्यावर ओमला विचारलं, कशी वाटली. "बरी आहे."

२५ एप्रिल, शुक्रवार
ओमच्या पप्पासाहेबांना फोन. घाईत होते, असतातच. "सुनीता, तुला योग्य वाटेल तिथं टाक ना त्याला. माझी ना नाही." ना नाही! मी काय परवानगी मागायला फोन केला होता? सिस्टरांचं सांगितलं. पाच तारखेला येतो म्हणाला. ओमला सांगायला नको होतं. सांगितलं.

५ मे, सोमवार
आला नाही.

ओमने स्वतः शर्टला इस्त्री केली होती. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहिलो. एकदा फोन लागला, "शिक्रापूरला अडकलोय." नंतर बंद. ओम म्हणाला, "चल आई. तो निघालाच नसेल." अहो-जाहो कधी सुटलं कोण जाणे. आता नुसतं तो.

सिस्टर दारात आल्या, आमच्याकडे बघितलं, आत गेल्या, परत आल्या. "या. बसा." आत वडिलांचं नाव काढलं नाही. जागा धरून ठेवते म्हणाल्या, शाळा सुरू झाल्यावर एक आठवडा, २३ जूनपर्यंत. त्यापुढे दुसऱ्याला. मी थँक्यू म्हणायला तोंड उघडलं आणि रडायलाच आलं. पोरासमोर. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि रजिस्टरमध्ये डोकं घातलं. बाई शहाणी आहे.

९ मे, शुक्रवार
फादरांकडे. घोडेगावात जनावरांचा बाजार, एसटी म्हशींच्या मागे मुंगीच्या पावलाने. ऊन असं की सीटला हात लागेना. ओम खिडकीतून बघत होता. "ही मुऱ्हा म्हैस ना गं?" मला काय कळतंय. पण विचारलं.

मी पांढरा झगा शोधत होते, फादर निघाले शर्ट-पँट आणि रबरी चपलेत. नेवाशाकडचेच. शिकलेले भरपूर, बोलणं मात्र गावचं. "बसा ताई. पोरगं जेवलंय का?" बोर्डिंग दाखवलं. लोखंडी कॉट, पत्र्याच्या ट्रंका, वाळत घालायच्या दोऱ्या. मोबाईल नाही. रविवारी फादरांच्या फोनवरून घरी बोलायचं, रांगेने.

सगळे विचारत असतील ते मीही विचारलं, प्रार्थना म्हणावी लागते का. "बसायचं समद्यांबरूबर. म्हनायची का न्हाई ते त्याचं त्यो बघंल."

"घरची आठवण काढतात का पोरं?"

"काढत्यात की. पयले पंधरा दिस लई रडत्यात. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

शेवटच्या उत्तराने मला त्यांचा विश्वास वाटला, आणि भीतीही. ओम मैदानावर सुट्टीत राहिलेल्या दोन-चार पोरांकडे गेला होता, गुडघ्यापर्यंत धूळ घेऊन आला. "बरी आहे." ही पण बरीच.

स्टँडवर कुलकर्णी बाईंचा फोन, माझ्याच शाळेतल्या. म्हटलं, "हो हो, बोर्डिंगातच टाकायचा विचार चाललाय." ओम शेजारी रसवंतीचा ग्लास धरून उभा. नगर येईपर्यंत बोलला नाही. मला वाटलं उन्हाने.

१० मे, शनिवार
सकाळी कपडे वाळत घालत होते. ओम दारात येऊन उभा राहिला.

"आई, एक विचारू? मामी फोनवर कुणाला तरी सांगत होती, आमच्या टाकलेल्या नणंदेचं पोरगं येणार आहे राहायला."

मी चिमटे लावत राहिले.

"ते टाकणं आणि बोर्डिंगात टाकणं, एकच का?"

खोचून नाही विचारलं. तसं विचारलं असतं तर एक ठेवून दिली असती आणि विषय मिटला असता. वर्गात पोरं शब्दाचा अर्थ विचारतात तसं विचारलं. मी म्हटलं, "बोलायची पद्धत असते बाळा." तो "हं" म्हणून आत गेला.

मी मराठी शिकवते. शाळेत पोर घालतात, बोर्डिंगात टाकतात. चहात साखर टाकतात, पेटीत पत्र टाकतात, अंगणात सडा टाकतात, बायको टाकतात. एवढी वर्षं फळ्यावर क्रियापदं लिहिली, हे एकदाही टोचलं नाही. कालपर्यंत मी स्वतः तोंड भरून म्हणत होते.

११ मे, रविवार
दादाचा फोन. सिस्टरांचंच नक्की कर, आमच्याकडेच राहू दे. मी नको म्हटलं. का ते सांगेना म्हणून चिडला आणि भलतंच उकरलं. "बदलीच्या अर्जात परित्यक्ता लिही म्हणून किती सांगितलं. सवलत होती. हलवलं नसतं तुला. पण तुझा ताठा!"

खरं आहे. सवलत होती. पण बदल्यांची यादी शिक्षकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरते, नावापुढे कारणासकट. परित्यक्ता. टाकलेलीला संस्कृतचं लुगडं नेसवलं, एवढाच फरक. मला नाही लिहिता आलं. आता मुदत गेली, आणि त्या एका शब्दापायी पोराची फरफट. कुणाला दोष देऊ?

वहिनीबद्दल दादाला बोलले नाही. ती वाईट नाही. सगळं जग म्हणतं तेच ती म्हणते. पण त्या घरात ओमने रोज ते ऐकायचं, माझ्याबद्दल, जेवताना.

म्हणजे एकीकडे गेला तर मी टाकलेली, दुसरीकडे गेला तर तो. शाळा दोन्ही चांगल्या आहेत हो.

२० मे, मंगळवार
काहिली. डोकं चालत नाही. ओम म्हणाला, "मी येतो तुझ्याबरोबर तिकडं." चौकशी केली. हायस्कूल लांब, वडापच्या जीपला लटकून जायचं, तेही जीप भरली तर. गणिताला शिक्षकच नाही म्हणे. मी नाही म्हटलं. त्याने दार आपटलं.

खरं सांगायचं तर त्याने म्हटल्या म्हटल्या मी मनात त्याचा बिछाना कुठे घालायचा ते ठरवलं होतं. मला एकटीला तिथे राहायची भीती वाटते. हे इथेच लिहिते, कुणाला सांगणार नाही. माझ्या सोबतीसाठी पोराचं शिक्षण बुडवायचं? नाही. पण मोह झाला.

२८ मे, बुधवार
त्यालाच विचारलं. "तू ठरव ना, तू आई आहेस." मग दारातून वळून, "मामाकडं नको." मला हेच ऐकायचं होतं आणि हेच नको होतं.

"फादरांकडं जाऊन बघतो. नाही आवडलं तर?"

"घ्यायला येईन."

"लगेच?"

"लगेच."

सिस्टरांना कळवलं, तेवीसपर्यंत धराच जागा. त्या म्हणाल्या, "मी तारीख बदलत नाही." बरं.

१५ जून, रविवार
सोडून आले. ट्रंक, बादली, दोन चादरी, शेंगदाण्याचे लाडू. लाडू तिथे पोचल्यावर पाच मिनिटांत वाटले गेले, त्यानेच वाटले. कॉट पंख्याखालची मिळाली म्हणून खूश. मी चादर घालायला लागले तर म्हणाला, "राहू दे, मी घालतो." पोरं बघत होती.

निघताना पाठीवर हात ठेवला. अंग ताठ. "जा तू, एसटी चुकेल." त्याचा आवाज फुटायला लागलाय, त्यामुळे रडवेला होता की काय ते नीट कळलं नाही.

येताना दादाचा फोन. "टाकलंस का शेवटी?" मी म्हटलं, "ठेवलंय." तो म्हणाला, तेच ते.

१७ जून, मंगळवार
नवी शाळा. पोरं गोड आहेत. एकीने विचारलं, "बाई, तुमी एकट्याच राहनार व्हय?" खोलीत पाल. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर. दोन माणसांचा भात केला, सवयीने.

२२ जून, रविवार
चारपासून ओट्यावर बसून होते. शेजारच्या आजी म्हणाल्या, "कुनाची वाट बगता?" पोराच्या फोनची, म्हटलं. त्या पण बसल्या.

आला फोन. मागे पोरांचा गलका.

"कसा आहेस?"

"बरा."

"जेवण?"

"भाकरी जाड असते. चालतंय."

"झोप लागते का?"

कुणीतरी मागून ओरडलं, आटप की लवकर.

मी ठरवलं होतं विचारायचं नाही. विचारलं. "ओम, घ्यायला येऊ का? उद्या सिस्टरांची शेवटची तारीख आहे. सांग."

नाक ओढलं त्याने. मग म्हणाला, "ये."

मी उठूनच उभी राहिले. आजीही उठल्या. म्हटलं, "येते. सकाळच्या पहिल्या गाडीने निघते."

"पण आई, नेशील कुठं?"

मी काहीतरी बोलले. बघू, म्हटलं बहुतेक. तेवढ्यात फादर आले फोनवर. "ताई, मागं रांग लई हाय. बुधवारी मी सोता लावून देतो फोन." ठेवला.

सिस्टरांकडे जागा आहे. वर्गातली, राहायची नाही. दुपारपर्यंत त्यांना सांगायचंय. पहिली गाडी साडेसहाला, नगरला पोचते दहाच्या सुमारास. रजेचा अर्ज लिहिला. पिशवी भरली. नगरमध्ये उतरून आधी सिस्टरांकडे जायचं की ओमकडे, ते गाडीत ठरवेन.