शेवटचा डबा जाईपर्यंत

प्रिय दादा,

तुला आणि आईला नमस्कार. मी बरी आहे, हे आधी वाच आणि मगच अक्षराकडे बघ. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून डाव्याने गिरवते आहे. जेवण नीट चाललंय.

रविवारी रेल्वे फाटकाजवळ कॅमेरा स्टँडवर लावून तुझ्यासाठी कोळशाची मालगाडी टिपत होते. जीपमधून तिघे उतरले. एक फाटकवाल्या काकांवर ओरडला, "गाडी गेली की लगेच उघड, म्हाताऱ्या!" काका म्हणाले, "मागून दुसऱ्या रुळावर एक्स्प्रेस येतेय." त्यांनी काकांना खाली पाडून लोखंडी कांबेने झोडपलं. कान फाटला, दात पडले, पण मुठीतली फाटकाची चावी सुटली नाही. मी "सोडा त्यांना!" म्हणून धावले, तर कांब माझ्या मनगटावर बसली.

तेवढ्यात एक्स्प्रेस धडधडत गेली. तिघांचे हात जागच्या जागी थांबले. मग ते पळाले.

शेवटचा डबा जाईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, हा तुझाच नियम ना? तो चालूच होता. सगळं आलंय त्यात, चेहरेसुद्धा.

आता ते सांगत सुटलेत, काका प्यायले होते, त्यांनीच आधी हात उचलला. काकांची नोकरी जाईल. उद्या मी पोलिसांत चित्रण देणार आहे. काल त्या तिघांतला एक माझ्या खिडकीखाली उभा होता, म्हणून चित्रणाची प्रत असलेलं दुसरं कार्ड या पाकिटात घातलंय.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, जिन्यावरून पडले. कार्ड तिला दाखवू नकोस. तू मात्र शेवटच्या डब्यापर्यंत बघ, आणि जपून ठेव.

तुझी,
धाकटी