व्हॉल्व्हचे बटण धाकटीच्या नावे

मी, खाली सही करणारी, वाइंडिंगच्या दुकानात ट्रान्सफॉर्मर गुंडाळत जन्म काढलेली, अविवाहित, गुडघ्यांनी अधू पण डोक्याने शाबूत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. कोणाच्याही दडपणाखाली लिहिले नाही, असे नमूद करावे लागते म्हणे. धाकट्या बहिणीच्या दडपणाखाली मी आयुष्य काढले आहे, पण एवढा कागद पुरा होईपर्यंत तिला स्वयंपाकघरात बसवून ठेवले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोठे सापडलेच तर ते खोटे समजावे.

कलम १. राहते घर धाकटीच्या नावे करते. तिच्या पश्चात ते आमच्या भाच्याकडे जावे. ती हयात असेपर्यंत घर विकण्याचा विषय त्याने तिच्यासमोर काढू नये. पोरगा मनाने चांगला आहे, पण खोलीत पाऊल टाकले की त्याला चौरस फूट दिसू लागतात.

कलम २. बँकेतील शिल्लक धाकटीच्या औषधपाण्यासाठी. उरेल ते भाच्याचे.

कलम ३. वडिलांचे तार गुंडाळायचे हातयंत्र भाच्याला. त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण आजोबांची वस्तू आहे, पुसत जावी. बाकी सगळी हत्यारे धाकटीला. लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर मुळात तिचाच आहे. ती इतकी वर्षे म्हणते ते खरे आहे. चांगला होता म्हणून मी तो परत केला नाही.

कलम ४. चौकातल्या सुट्या भागांच्या दुकानदाराला काहीही देऊ नये. त्याने रेडिओच्या जुन्या व्हॉल्व्हवरचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळीवरचा, छाप पुसून, नवा छापून तो मला विकला होता. मी त्याला मनातून माफ केले आहे, पण हे त्याला कळता कामा नये.

कलम ५. पुढच्या खोलीतील गाणी ऐकायचा संच. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तो अर्धाच माझा आहे.

प्रीअँप्लिफायर, म्हणजे तबकडीवरून येणारा नाजूक आवाज पहिल्यांदा हातात घेणारा डबा, मी बांधला. तो व्हॉल्व्हचा आहे. पुढे त्या आवाजाला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणारा अँप्लिफायर धाकटीने बांधला. तो ट्रान्झिस्टरचा आहे. ती इस्पितळातली यंत्रे दुरुस्त करत असे, त्यामुळे तापणाऱ्या काचेवर तिचा विश्वास नाही. माझ्या व्हॉल्व्हना ती बाटल्या म्हणते. मी तिच्या अँप्लिफायरला इस्त्री म्हणते. दोन्ही डबे एकमेकांना जोडायचे ठरले तेव्हा आमच्यात जे झाले ते शेजाऱ्यांनीही ऐकले आहे.

जोडल्यावर आवाज गोड आला, पण खालचा, भरदार भाग गायब. मी म्हटले, तुझा डबा माझ्या डब्यावर फार भार टाकतो. ती म्हणाली, तुझ्या बाटल्यांत दमच नाही. दोघींचे बरोबर होते, म्हणून कोणीच हटेना. बरेच दिवस आम्ही तसेच पोकळ, कोरडे ऐकत बसलो. मग एकदा ती बाजारात गेलेली पाहून, खालचा आवाज पुढे जावा म्हणून मी माझ्या बाहेर जाणाऱ्या वाटेवरचा कपॅसिटर गुपचूप मोठा केला. मी दवाखान्यात गेलेली पाहून तिनेही त्याचसाठी तिच्या आत येणाऱ्या वाटेवरचा रेझिस्टर गुपचूप वाढवला. दोनपैकी एक पुरे होते. संध्याकाळी तबकडी लावली, तर स्पीकरचा पडदा धाप लागल्यासारखा आतबाहेर होऊ लागला. तबकडीचा किंचितसा बाकसुद्धा आता आत शिरत होता. शेवटी गुपित पोटात मावेना म्हणून मी हसत सांगून टाकले आणि तीही हसली. तिचा रेझिस्टर राहू दिला, माझा कपॅसिटर पुन्हा लहान केला. त्या दिवसापासून आवाज जसा आहे तसा आहे, आणि तो मला फार आवडतो.

आता मुद्द्याचे. संच लावताना आधी माझे बटण, मग व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचे, मग तिचे. उलट केले तर स्पीकरला धक्का बसतो. त्यामुळे रोज मी माझे बटण लावते, चहा टाकते, तो होईस्तोवर ती येऊन तिचे लावते. एकमेकींच्या बटणाला आम्ही कधी हात लावलेला नाही.

मागे मी इस्पितळात होते. परत आल्यावर विचारले, "संध्याकाळी काय ऐकत होतीस?"

"काही नाही."

"का गं?"

"तुझं बटण होतं ना, ताई."

इतके दिवस ती त्या खोलीत मुक्याने बसली. मी जाईन त्याची मला भीती नाही. माझ्यामागे ही बाई संचावर चादर टाकून बसेल, याची आहे.

म्हणून प्रीअँप्लिफायर, त्यातील व्हॉल्व्ह, कपाटातील जास्तीचे व्हॉल्व्ह आणि विशेष करून त्याचे बटण मी धाकटीला देते. मृत्युपत्र मृत्यूनंतरच अमलात येते, तेव्हा हे कलम आज लागू करता येणार नाही, असे वकीलसाहेबांनी दोनदा सांगितले. त्यांचे बरोबर असेल. तरी मी तिला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावते आहे.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर: धाकटी आली. वरचे वाचून म्हणाली, "तू आहेस ना अजून. तू लाव."

मी म्हटले, "मी आहे तोवरच लाव. नंतर तुझा हात धजावणार नाही."

मग तिने माझे बटण लावले. व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत तिथून हलली नाही. मग स्वतःचे लावले, तबकडीवर सुई ठेवली आणि माझ्याकडे न बघता विचारले, "बरोबर लावलं ना?"

मी म्हटले, "बरोबर."

ठिकाण: आमची पुढची खोली. तारीख वकीलसाहेब त्यांच्या शिक्क्याखाली घालतील.

सही: थोरली

आम्ही खालील साक्षीदार लिहून देतो की, सही करणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीवर होत्या, त्यांनी आमच्यासमोर सही केली, आणि दोन्ही बटणे धाकट्या बाईंनी लावलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली. गाणे संपेपर्यंत आम्ही बसलो होतो.

साक्षीदार: वरच्या मजल्यावरचे डॉक्टर
साक्षीदार: समोरच्या शिंपीणबाई